सोळा कोटी आणि सव्वा मूठ

मोबाइलवर एका बाळाचा फोटो येतो. नाकाला नळी, शेजारी रडून डोळे सुजलेली आई, खाली बँकेचा खातेक्रमांक आणि एक आकडा : १६ कोटी रुपये. आजार स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार; आकडा त्याच्या एका इंजेक्शनचा. तास-दोन तासांत माणसांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, जमेल तेवढे टाका, लेकरू वाचेल. दुसरा आमच्या अहिराणीत विचारतो, ‘भाऊ, एक पोरकरता सोया कोटी? मंग बाकीना पोरेस्नं काय?’ मग कुणी धडगाव-अक्कलकुव्याच्या कुपोषणाचा दाखला देतं, कुणी देवळाच्या कळसाचा खर्च काढतं. पहिला दुसऱ्याला दगडाच्या काळजाचा म्हणतो, दुसरा पहिल्याला भाबडा. चार दिवसांनी दोघंही गप्प होतात. शहाद्याच्या बसस्टँडपासून जळगावच्या लग्नमांडवापर्यंत हा वाद मी पुष्कळदा ऐकलाय, आणि दर वेळी वाटतं की ज्यांच्यावरून भांडण चाललंय त्या घरांपर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. दुर्मीळ आजारांसाठी लोकवर्गणी व्हायलाच हवी, आणि कुपोषणाचं नाव पुढे करून ती अडवणं अन्यायाचं आहे. पण आज ती होते ती एका वेळी एक फोटो, एक खातं, एक इंजेक्शन अशी. या पद्धतीत पुढच्या लेकराला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. आणि खान्देशातल्या बहुतेक घरांची वाट औषधाच्या किमतीपर्यंत पोचतच नाही. ती कितीतरी आधी, आजाराला नाव मिळण्याच्या टप्प्यावरच अडते. वर्गणीचा पहिला रुपया तिथे लागला पाहिजे.

मुळात ‘दुर्मीळ’ म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटना हजारात एक किंवा त्याहून कमी माणसांना होणाऱ्या, जन्मभर खिळवून ठेवणाऱ्या आजाराला दुर्मीळ म्हणते. अमेरिकेच्या कायद्याने दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण ही मर्यादा धरली. त्या मोजपट्टीने सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार अमेरिकेत दुर्मीळ ठरतो, कारण तिथे त्याचे रुग्ण सुमारे एक लाख आहेत. आता हाच आजार घेऊन तोरणमाळच्या घाटाने वर जा, मोलगीच्या बाजारात उभे राहा. भिल्ल आणि पावरा पाड्यांमध्ये त्याला दुर्मीळ म्हणायची कुणाची छाती होईल? भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात तर रुग्णसंख्येवर आधारलेली व्याख्याच नाही, कारण ती करायला लागणारी मोजदाद आपल्याकडे झालेली नाही. म्हणजे आपल्याकडे ‘दुर्मीळ’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. काही आजार खरोखर थोड्यांना होतात. काही आजार ज्यांना होतात, ती माणसंच कुणी मोजलेली नसतात.

मी सव्वीस वर्षं सातपुड्यातल्या आश्रमशाळांत शिकवलं. एका शाळेत सातवीत एक मुलगी होती. थंडी पडली की तिचे हातपाय ठणकायचे. पहाटेच्या प्रार्थनेला ती उशिरा यायची, कवायतीत मध्येच खाली बसायची, डोळ्यांत कायम पिवळी झाक. आम्ही शिक्षकांनी तिला कामचुकार ठरवलं, आणि त्या शिक्षकांत मी होतो. वडिलांनी तिला आधी बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाकडे नेलं, मग तालुक्याच्या एका दवाखान्यात वाताची इंजेक्शनं झाली. दोन वर्षं त्यात गेली. पुढे एका शिबिरात रक्त तपासलं, हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीला नमुना गेला आणि निदान आलं : सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलेलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. शरीरात पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला किंवा फार श्रम झाले की त्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढचा भाग प्राणवायूसाठी तडफडतो. पहाटेच्या गारठ्यात पोटात पाण्याचा घोट नसताना आम्ही तिच्याकडून कवायत करून घेत होतो.

हा काही नवा शोध नव्हता. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशींची पहिली नोंद केली. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष असल्याचं दाखवलं. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला आणि भारताला त्याची ओळख झाली. माझ्या वर्गातल्या मुलीपर्यंत यायला या ज्ञानाला आणखी अर्धं शतक का लागलं? औषधाची किंमत तर आड आलीच नव्हती. पहिल्या चाचणीला थोडंसं रक्त आणि एक साधं द्रावण पुरतं. हायड्रॉक्सियुरिया ही त्यावरची जुनी, स्वस्त गोळी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात सिकलसेलच्या लहान मुलांना रोज तोंडाने पेनिसिलिन दिलं, तेव्हा न्यूमोकोकस या जंतूचा जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. पेनिसिलिनसाठी कुणाला झोळी पसरावी लागत नाही. लागते ती जन्मल्या जन्मल्या झालेली तपासणी आणि घरापर्यंत गोळी पोचवणारा माणूस.

आता दुसऱ्या तटाचं म्हणणं त्याच्या पूर्ण वजनासकट घेऊ या, कारण ते हलकं नाही. नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत आणि कुपोषण हे तिथलं रोजचं वास्तव आहे. १६ कोटी ही रक्कम अवाढव्य आहे. शिवाय एसएमएचं ते एकदाच द्यायचं जनुकीय औषध दिल्यावरही प्रत्येक मूल वाचतंच असं नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण एक विचारतो. साठीतल्या बागायतदाराची बायपास होते, तेव्हा त्या खर्चात किती कुपोषित मुलं जगली असती हा हिशेब कुणी मांडतं का? गावच्या क्रिकेट स्पर्धेच्या बक्षिसाच्या रकमेवर तो लागतो का? हा तराजू फक्त दुर्मीळ आजाराच्या घरासमोरच का काढला जातो? ज्याने या बाळासाठी ५० रुपये दिले नाहीत, त्याने ते अंगणवाडीत नेऊन दिले असंही मी कधी पाहिलं नाही. दोन दुबळ्यांना एकमेकांसमोर उभं केलं की बाकीच्यांचे खिसे चर्चेबाहेर राहतात, एवढंच या हिशेबातून निघतं.

आणखी एक गोष्ट दोन्ही तट विसरतात. १६ कोटी हा आकडा आभाळातून पडलेला नाही. तो माणसांनी ठरवलेला भाव आहे, आणि माणसांनी ठरवलेले भाव माणसांनी उतरवलेही आहेत. एड्सच्या औषधांचा वर्षाचा खर्च एकेकाळी रुग्णामागे दहा-पंधरा हजार डॉलर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगाचा हिशेब बदलला. एसएमएवरच रिसडिप्लाम नावाचं तोंडाने घ्यायचं औषध आहे. त्याची एक बाटली सहा लाखांच्या आसपास मिळायची. पेटंटच्या वादात मूळ कंपनीला न्यायालयांनी मनाई हुकूम नाकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादच्या नॅटकोने तेच औषध १५,९०० रुपये किमतीला आणलं. या लढाईत एसएमए असलेले रुग्ण स्वतः उतरले होते. वीस किलोच्या वर वजन असलेल्याला रोज ५ मिलिग्रॅम औषध लागतं, बाटलीत ६० मिलिग्रॅम असतं, म्हणजे एक बाटली बारा दिवस. वर्षाला तीस बाटल्या धरल्या तर पावणेपाच लाखांच्या वर खर्च येतो. शेतमजुराच्या घराला हाही डोंगरच आहे. पण ही रक्कम एखाद्या तालुक्याने ठरवलं तर उचलता येते, आणि दर वर्षी उचलता येते. किंमत खाली आणणारी लढाई आणि वर्गणी या दोन गोष्टी एकत्र चालल्या की वर्गणीला अर्थ येतो. नाहीतर आपण लोकांकडून गोळा करून फक्त मागितलेला भाव भरत राहतो.

पहिल्या तटाचा आक्षेपही ऐकला पाहिजे. ते म्हणतात, ‘सर, लोक चेहरा बघून देतात. नोंदणीसाठी, तपासणीसाठी, बसभाड्यासाठी पैसे मागा, कोण देईल?’ खरं आहे. माणसाचं काळीज आकड्याने हलत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चेहऱ्याच्या वाटेने कोण मागे राहतं तेही बघा. ज्या घरात कुणाचा भाचा पुण्यात आयटीत आहे, ज्याला इंग्रजीत चार ओळी लिहिता येतात, ज्याचं बाळ फोटोत गोंडस दिसतं, त्याचं आवाहन फिरतं. ज्या आईला पावरीशिवाय भाषा येत नाही, तिचं फिरत नाही. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आजारात मुलगा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं गमावतो. मिसरूड फुटलेल्या, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्या पोराचा फोटो कोण पुढे पाठवतं? ज्याच्याकडे आधीच चार माणसं आहेत त्यालाच पाचवं मिळावं, अशी ही व्यवस्था झाली आहे.

चेहरा दाखवून गोळा केलेला पैसा सगळ्यांचा करता येतो, याचं उदाहरण जुनं आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत पोलिओसाठी मोहीम सुरू झाली. स्वतः पोलिओने अधू झालेले राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट तिच्यामागे होते. लोकांनी डॉलरच्या दहाव्या हिश्श्याची नाणी पाकिटात घालून थेट व्हाइट हाउसला धाडली. भिंतीवरच्या चित्रांत कुबड्या घेतलेली मुलंच होती. पैसा मात्र एका सामाईक संस्थेत जमा झाला. त्यातून रुग्णांचे उपचार झाले आणि जोनास साल्क यांच्या संशोधनाला बळ मिळालं. १२ एप्रिल १९५५ रोजी ती लस सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं जाहीर झालं. त्या नाण्यांतलं एकेक नाणं चित्रातल्या एकेका मुलाच्या खात्यात गेलं असतं, तर चित्रं दर वर्षी नवी छापावी लागली असती.

पण अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? श्रावणात आपल्याकडे खान्देशात कानबाई ही देवी घरोघर येते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी धान्य घेताना घरातल्या माणसांची नावं घेतली जातात आणि प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ घातलं जातं. सुरतेला कामाला गेलेला, पुण्यात शिकायला राहिलेला, सगळ्यांची मूठ त्यात असते. आधी नावं, मग धान्य. कुणाची मूठ राहिली तर म्हातारी अस्वस्थ होते. निधीची ही रीत आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. माणूस मोजल्याशिवाय वाटा ठरत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

‘हे सगळं सरकारचं काम आहे’ हे वाक्य मी सहसा लवकर मान्य करतो, कारण ते बरोबर आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्याने तपासणी पाड्यापर्यंत आणली, हे श्रेय द्यायला हवं. दुर्मीळ आजार धोरणातली मदत आधी २० लाखांपर्यंत होती, ती २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढली. पण गॉशेसारख्या आनुवंशिक आजारात शरीरात कमी पडणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) औषध जन्मभर चालू ठेवावं लागतं. ५० लाख संपल्यावर त्या मुलाने काय करायचं? धोरणाने त्यासाठी लोकवर्गणीचं संकेतस्थळ काढून दिलं. शासनच झोळी पुढे करू लागलं तर नागरिकाने जायचं कुठे? आणि ही मदत ज्या विशेष केंद्रांतून मिळते, त्यातलं महाराष्ट्रातल्या लोकांनी नाव ऐकलेलं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम. रावेरच्या केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्याला भुसावळहून रात्रीची गाडी धरायची, दोन दिवसांची मजुरी सोडायची, आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस दुर्मीळ आजारांची बाह्यरुग्ण तपासणी का असू नये? हा प्रश्न विधानसभेत कोण विचारेल? विचारणाऱ्याला आकडा लागतो, आणि आकडा आपल्याकडे नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. ज्या मातीत माणसाच्या बोटांचे ठसे मोजायला देशाने सुरुवात केली, तिथे त्याच्या रक्तातलं दुखणं मोजलेलं नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून वर्गणी सरकारच्या जागी नको आहे. ती सरकारला बोलतं करण्यासाठी हवी आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण तो माझ्या ओळखीच्या एका आशाताईंनी घेतला होता आणि त्याला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्ही जनजागृती म्हणता, पण इथे पोरीचं लग्न मोडतं.’ सिकलसेलचं कार्ड हातात आलं की पोरीच्या कपाळावर शिक्का बसतो. वराकडचे तिचा रिपोर्ट मागतात, पोराचा रिपोर्ट कुणी मागत नाही. आई-बाप दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच मुलाला हा आजार होतो; एकाकडूनच आलेला माणूस फक्त वाहक असतो. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक असते. एकटी वाहक मुलगी, जोडीदार निर्दोष असेल तर, आजारी मूल जन्माला घालत नाही. वाहक असणं हा आजारही नाही. उलट मलेरियाच्या मुलखात त्याच जनुकाने लहान मुलांना वाचवलं, म्हणून तर ते इतकं टिकलं. एवढी साधी गोष्ट न सांगता फक्त तपासणी केली तर काय होतं? १९७० च्या दशकात अमेरिकेत ते होऊन गेलं. काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेल चाचणीचे सक्तीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतला फरकच लोकांना नीट कळला नाही, आणि निरोगी वाहकांच्या नोकऱ्या गेल्या, विमे नाकारले गेले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीची दारं वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. ताईंची भीती पोकळ नव्हती.

मात्र त्यातून ‘बोलूच नका’ असा निष्कर्ष निघत नाही. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया या अशाच आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण खूप मोठं होतं. तिथे १९८० च्या दशकात लग्नाआधी चाचणी आणि समुपदेशन झाल्याचा दाखला चर्चने मागायला सुरुवात केली. दाखला दोघांचा, आणि निकाल काहीही असला तरी लग्नाला मनाई नाही. वाहक जोडप्यांनी लग्नं केली, गरोदरपणातल्या तपासण्या करून घेतल्या, आणि काही वर्षांत आजारी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. फरक चाचणीत नव्हता. सांगणारा कोण, कोणत्या भाषेत सांगतो आणि दोघांनाही सांगतो का, यात होता. आमच्या भागाला याचीही आठवण असायला हवी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांनी आप धर्माची आरती सुरू केली. दारू सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असं सांगायला ते बाहेरून आलेले नव्हते. त्याच मातीतला माणूस त्याच बोलीत बोलत होता, म्हणून हजारो भिल्ल डोंगर उतरून आले. आज सिकलसेलची भित्तिपत्रकं पुस्तकी मराठीत असतात. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या घरात ती भिंतीवरच राहतात. जनजागृतीसाठी खर्च करायचा असेल तर फलकांवर कमी करा आणि त्या बोलीत बोलणाऱ्या एका माणसाच्या पगारावर जास्त करा.

म्हणून माझी मागणी अगदी ठोस आहे. पुढच्या वेळी फोटो येईल तेव्हा पैसे द्या, थांबू नका. पण त्याच दिवशी तालुक्याच्या सामाईक खात्यातही तेवढेच द्या, आणि असं खातं नसेल तर चार माणसं बसून ते काढा. त्यातून तीन कामं व्हावीत. निदानासाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या घराला भाडं आणि बुडालेली मजुरी. ज्या चाचण्या सरकारी यादीत नाहीत त्यांचा खर्च. आणि नाव, गाव, आजार, पुढची तारीख यांची वही सांभाळणारी, दोन बोली जाणणारी एक व्यक्ती. वहीतलं नाव घरच्यांच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, आकडे मात्र दर वर्षी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आमदारांकडे जातील. जळगाव हे सोन्याचं, डाळीचं, केळीचं आणि पाइपचं गाव आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यांच्या दारात एका बाळाचा फोटो घेऊन जाण्यापेक्षा ही वही घेऊन गेलं तर नाही म्हणणं त्यांना अवघड जाईल.

सातवीतली ती मुलगी मला मागच्या वर्षी शहाद्याच्या बाजारात भेटली. आता ती दोन लेकरांची आई आहे, गोळ्या नियमित घेते, नवऱ्याची तपासणी तिने लग्नाआधीच हट्टाने करून घेतली होती. मी त्या दिवसांबद्दल माफी मागायला गेलो, तर तिने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, ‘सर, तेव्हा औषध कुणालाच माहीत नव्हतं, ते जाऊ द्या. पण वर्गात पाणी प्यायला तरी द्यायचं होतं.’ तेव्हापासून मी आसपासच्या आश्रमशाळांत जाऊन दोनच गोष्टी मागतो : सिकलसेलच्या मुलांच्या बाकावर पाण्याची बाटली, आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांना पहाटेच्या कवायतीतून सूट. दोन मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. तिसऱ्यांनी यादी मागितली आहे, कोणत्या वर्गात किती मुलं ते सांगा म्हणाले.